बाळ येण्याआधी नेमके काय घ्यावे?

पत्र: माझे वय २९ असून मला सातवा महिना सुरू आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो आणि चिंचवडला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर एका बेडरूमच्या घरात राहतो. बाळंतपणासाठी मी सांगलीला माहेरी जाणार आहे. तारीख जुलैच्या पहिल्या आठवड्यातली आहे. माझ्या नवऱ्याने ४६ वस्तूंची यादी केली आहे. तीत स्ट्रोलर, वॉकर, बाटल्यांचा संच, स्टरलायझर, कॅमेऱ्याचा बेबी मॉनिटर असे सगळे आहे. सासूबाई म्हणतात की बाळ हातात येईपर्यंत घरात काहीही आणायचे नाही, आणि नवऱ्याच्या वेळचा लाकडी पाळणा पुरेसा आहे. नणंद तिच्या मुलाची कार सीट आणि वॉकर द्यायला तयार आहे. आईने माझी लहानपणची दुपटी ट्रंकेतून काढून ठेवली आहेत. या खर्चासाठी आमच्याकडे ४० हजार रुपये आहेत. काय घ्यावे, कधी घ्यावे आणि कोणाचे मन न दुखवता हे कसे ठरवावे?
— एक वाचक, चिंचवड

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना ४६ वस्तूंच्या यादीपेक्षा मला तीन गोष्टी अधिक महत्त्वाच्या वाटल्या: बाळ ऐन पावसाळ्यात जन्मणार आहे, त्याचे पहिले काही आठवडे सांगलीला आजोळी जाणार आहेत, आणि नंतर ते सुमारे २३० किलोमीटरचा प्रवास करून, तीन मजले चढून तुमच्या घरी येणार आहे. कोणत्याही तयार यादीत या गोष्टींचा विचार नसतो, कारण अशी यादी कोणत्याही गावातल्या, कोणत्याही ऋतूतल्या, कोणत्याही घरासाठी केलेली असते आणि बहुतेक वेळा ती विकणाऱ्याच्या सोयीने केलेली असते. माझे स्पष्ट मत असे आहे की जन्माआधी पहिल्या सहा आठवड्यांना पुरेल एवढेच सामान जमवावे, त्यापुढची प्रत्येक वस्तू तिची गरज प्रत्यक्ष दिसू लागल्यावर घ्यावी, आणि हातातल्या ४० हजारांपैकी मोठा भाग दोनच गोष्टींसाठी राखून ठेवावा: बाळाचा प्रवास सुरक्षित होण्यासाठी, आणि बाळंतपणानंतर तुम्हाला स्वतःला मदत मिळण्यासाठी.

या दृष्टीने पाहिले तर सासूबाईंचे म्हणणे तुमच्या वाटेत येत नाही. बाळंतपणात आई आणि बाळ दोघांच्याही जिवाची शाश्वती नसे अशा काळातून ही रीत आली असावी, आणि आजही पुष्कळ घरांत ती मनापासून पाळली जाते. ती मोडून काही मिळवण्यासारखे तुमच्या बाबतीत नाही, कारण पहिल्या आठवड्यांचे सामान लागणार आहे ते सांगलीला, चिंचवडला नव्हे. बाळंतविडा माहेरच्यांनी करायचा ही पद्धत आपल्याकडे आहेच. तेव्हा सुरुवातीचे कपडे, दुपटी आणि लंगोट तुमच्या आईकडेच जमू द्यावेत आणि चिंचवडच्या घरात बाळ येईपर्यंत काहीही आणू नये. सासूबाईंचा मान राहील आणि तुमची तयारीही अपुरी राहणार नाही.

कपड्यांविषयी सांगायचे तर जुलैतला पाऊस हाच खरा प्रश्न आहे. नवजात बाळ दिवसाकाठी आठ-दहा वेळा सहज ओले करते, आणि पावसाळ्यात सुती लंगोट दोन-दोन दिवस वाळत नाहीत. उन्हाळ्यात डझन-दीड डझन लंगोटांत भागते, पण तुम्ही २५ ते ३० तरी जवळ ठेवावेत, आणि रात्रीसाठी तयार डायपर वापरण्याचा संकोच करू नये. डायपर मात्र नवजात मापाचे एकच लहान पाकीट घ्यावे. त्या मापाचा डायपर साधारण पाच किलो वजनापर्यंत बसतो आणि बाळाचे वजन जन्मवजनाच्या दुप्पट व्हायला पाच महिने पुरतात, त्यामुळे सवलतीत मिळाले म्हणून घेतलेले मोठे गठ्ठे बहुधा तसेच उरतात. झबली पुढून उघडणारी, नाडीची किंवा चपट्या बटणांची, सुती आणि एक माप मोठीच घ्यावीत. सहा-आठ पुरतात, कारण बारशाला झबल्यांचा ढीग येणारच आहे. कुंची बाहेर नेताना वाऱ्यापासून बचावासाठी चांगली आहे, पण झोपवताना ती काढून ठेवावी, कारण ती तोंडावर सरकू शकते आणि बाळाला उकडतेही. हातमोजे घातलेच तर ते रोज उलटे करून आत सुटा धागा नाही ना हे पाहावे. असा धागा बोटाभोवती आवळला तर बाळ रडत राहते आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

आता तुमच्या आईने ट्रंकेतून काढलेल्या दुपट्यांविषयी, आणि हा मुद्दा मी मुद्दाम सविस्तर लिहीत आहे. जुने, पुष्कळ धुतलेले सुती कापड नव्या कापडापेक्षा मऊ असते, म्हणून ती दुपटी वापरण्याची कल्पना उत्तमच आहे. प्रश्न एवढाच आहे की ट्रंकेत डांबराच्या गोळ्या होत्या का. या गोळ्यांमध्ये नॅफ्थॅलिन असते, आणि जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्याच्या संपर्काने फुटू लागतात. त्यातून नवजात बाळाला तीव्र कावीळ होऊ शकते, आणि कावीळ फार वाढली तर मेंदूला इजा पोहोचते. ही कमतरता आपल्या देशातही आढळते आणि तपासणी केल्याशिवाय ती कोणाच्या बाळात आहे हे कळत नाही. म्हणून गोळ्यांमध्ये ठेवलेली दुपटी, गोधड्या आणि लोकरी टोपडी गरम पाण्यात पुन्हा पुन्हा धुवावीत, अनेक दिवस कडक उन्हात आणि मोकळ्या हवेत टाकावीत, आणि एवढे करूनही गोळ्यांचा वास येत राहिला तर ती नवजात बाळासाठी वापरूच नयेत. पावसाळ्यात ऊन मिळणार नाही, तेव्हा हे काम मे महिन्यातच उरकून घ्यायला आईंना सांगावे. बाळाच्या कपाटात कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरेसा आहे.

झोपण्याच्या जागेविषयी बाजारात जेवढा गोंधळ आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाविषयी असेल. लहानशी गादी, दोन्ही बाजूंना लोड, डोक्याखाली मोहरीची उशी आणि वर जाळी असा संच बारशाला हमखास येतो आणि तो दिसतोही गोजिरा. त्यातली जाळी ठेवावी आणि लोड-उशी कपाटात टाकावी. बाळाला पाठीवर, टणक आणि सपाट जागेवर, डोक्याजवळ मऊ काहीही न ठेवता झोपवावे, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाल्यानंतर पुढच्या काही वर्षांत तेथील झोपेतल्या अचानक मृत्यूंचे प्रमाण निम्म्याच्या आसपास खाली आले, आणि २०२२ मध्ये तर पाळण्याच्या कडांना बांधायच्या जाड गाद्या आणि डोक्याकडून उंच केलेली झोपण्याची आसने यांच्या विक्रीवर तेथे कायद्यानेच बंदी आली. अशी आसने आपल्याकडे ऑनलाइन मिळत असल्यामुळे हे सांगणे आवश्यक वाटले. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी घेण्याचा आग्रह झाला तर, बाळ जागे असताना कोणीतरी समोर बसून त्याला थोडा वेळ पालथे ठेवावे आणि झोपवताना मान कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळवावी, एवढे करणे अधिक उपयोगाचे आहे असे शांतपणे सांगावे.

सांगली आणि चिंचवड दोन्ही ठिकाणी पावसाळ्यात डास असतात, आणि छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी ही अगदी कमी किमतीत मिळणारी, रोज वापरली जाणारी वस्तू आहे. ती आधीच घेऊन ठेवावी. डासांच्या अगरबत्त्या आणि कॉइल यांचा धूर बाळाच्या खोलीत नको, आणि दोन महिन्यांच्या आत अंगाला लावायचे डासरोधक मलमही नको.

पाळण्याची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तो तुमच्या यजमानांच्या बालपणाचा आहे आणि सासूबाईंनी तो जपून ठेवला आहे. तो वापरण्यास माझी हरकत नाही, पण आधी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे दांड्यांमधील फट. ती सहा सेंटिमीटरपेक्षा अधिक असेल तर बाळाचे अंग बाहेर सरकून मान अडकू शकते. दुसरी म्हणजे छताची कडी, साखळ्या आणि दोऱ्या. दोऱ्या नव्याच घालाव्यात आणि लोंबणारी टोके, खेळण्यांच्या माळा बाळाच्या हाताला लागतील अशा ठेवू नयेत. तिसरी गोष्ट सहसा कोणाच्या मनात येत नाही, ती म्हणजे रंग. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा अधिक नसावे असा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला, त्यामुळे त्याआधी रंगवलेल्या पाळण्याच्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. दात येऊ लागलेले बाळ समोर येईल ती कड चावते. मात्र हा रंग घरात पॉलिशपेपरने घासून काढण्याचा उत्साह कोणी करू नये, आणि तुम्ही गरोदर असताना तर मुळीच नाही, कारण घासल्याने शिशाची धूळ घरभर पसरते. रंगाचे पोपडे निघत असतील तर पाळणा बारशाच्या विधीपुरता वापरून आठवण म्हणून ठेवावा. रंग नसेल, लाकूड नुसते तेलपाणी केलेले असेल, तर दिवसा, कोणी जवळ असताना, बाळ कुशीवर वळू लागेपर्यंत तो वापरावा आणि नंतर बंद करावा. रात्रीसाठी तुमच्या गादीला लागून, पण वेगळी, टणक छोटी गादी ही एका बेडरूमच्या घरातली सर्वांत सोयीची व्यवस्था आहे. महागडा मोठा कॉट त्या खोलीत ठेवला तर रात्री उठून चालायला जागा राहणार नाही.

दूध पाजण्याच्या सामानापैकी जन्माआधी काहीही घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, त्यात पाणी, मध किंवा घुटीसुद्धा नाही, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला तुम्हाला ठाऊक असेल. बाटल्या आधीपासून हाताशी असल्या की तिसऱ्या-चौथ्या रात्री, दूध नुकते उतरत असताना आणि सगळे थकलेले असताना, त्यांचा वापर फार सहज सुरू होतो. दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहार यांच्या जाहिरातीवर आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे आणि २००३ च्या दुरुस्तीने ती अधिक कडक झाली. तुमच्या यजमानांनी ज्या यादीवरून बाटल्यांचा संच आपल्या यादीत घेतला आहे ती यादी कोणाची होती, हे एकदा पाहावे. काही कारणाने डॉक्टरांनी वरचे दूध सांगितले तर त्यात कमीपणा काहीच नाही. ते वाटी-चमच्याने पाजता येते आणि वाटी-चमचा स्वच्छ ठेवणे बाटलीपेक्षा कितीतरी सोपे असते. घरात जुने चांदीचे बोंडले असेल तर ते टाळावे, कारण त्यातून दूध तोंडात ओतले जाते आणि बाळाला ठसका लागतो. स्टरलायझरचे काम झाकणाच्या पातेल्यात दहा मिनिटे उकळून होते, म्हणून तो यादीतून निश्चितपणे काढावा.

ब्रेस्ट पंप मात्र तुम्हाला लागेल, पण आत्ता नाही. कायद्यानुसार तुम्हाला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळू शकते, आणि त्यातली थोडी आधी घेतली तर डिसेंबरच्या आसपास तुम्ही कामावर रुजू व्हाल. नोव्हेंबरमध्ये पंप घ्यावा आणि दोन-तीन आठवडे सराव करावा. रोज दोन-तीनदा दूध काढावे लागणार असल्यामुळे विजेवर चालणारा पंप घेणे योग्य; हाताने चालवायचा पंप अधूनमधूनच्या वापरासाठी ठीक असतो. काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तासच टिकते आणि आपल्याकडच्या खोल्या त्याहून गरम असतात, म्हणून ते लगेच फ्रिजमध्ये, दारात न ठेवता आतल्या बाजूला ठेवावे. तेथे ते चार दिवस चालते. तुमच्या कार्यालयात ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणे आणि दिवसातून चार वेळा तेथे जाऊ देणे त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. याची चौकशी रजेवर जाण्याआधीच लेखी करून ठेवावी, कारण तिच्या उत्तरावर पंप कोणता घ्यायचा हेही अवलंबून राहील.

आता कार सीट. संपूर्ण यादीत पैसे मोकळ्या हाताने खर्च करावेत अशी ही एकमेव वस्तू आहे, आणि आपल्याकडे नेमकी तीच सर्वांत आधी वगळली जाते. बाळ आईच्या मांडीवर सुरक्षित असते हा समज फार खोल रुजला आहे, पण ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी धडकून थांबते तेव्हा चार-पाच किलोचे बाळ कोणाच्याही हातात राहू शकत नाही, हात कितीही घट्ट धरलेले असोत. आणि आईच्या पट्ट्याच्या आत बाळ धरले तर आईच्या शरीराचा सगळा भार त्याच्यावर येतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये समाविष्ट झालेल्या कलम १९४ ब नुसार १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन न लावता नेल्यास १,००० रुपये दंड आहे, परंतु दंडाच्या भीतीने घेण्याची ही वस्तू नव्हे. खंबाटकी घाट, कराड, पुढे सांगली हा तुमचा रस्ता आहे आणि त्यावरून बाळासह तुम्ही वर्षातून अनेकदा ये-जा करणार आहात.

नणंदेची सीट घ्यावी की नाही, याचे उत्तर तिच्याशी पाच मिनिटे बोलून मिळेल. ती सीट गाडीत असताना कधी अपघात झाला होता का, अगदी किरकोळही? सीटच्या मागे किंवा तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर मुदतीचे वर्ष कोणते आहे? पट्टे कधी रसायनाने धुतले होते का, आणि माहितीपुस्तिका आहे का? अनोळखी माणसाकडून वापरलेली सीट कधीच घेऊ नये, पण ज्या माणसाच्या उत्तरावर विश्वास ठेवता येतो त्याच्याकडून घेतलेली, मुदतीतली, अपघात न पाहिलेली सीट नव्या सीटइतकीच चांगली. ती नवजात बाळासाठी आहे की मोठ्या मुलासाठी, हेही पाहावे. पुढे तोंड करून बसवायची सीट तुमच्या कामाची नाही. बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशीच सीट लागते, आणि निदान १५ महिन्यांपर्यंत, शक्य तर त्याहून अधिक काळ ती तशीच ठेवावी, कारण धडकेच्या वेळी मान आणि डोके यांना सीटच्या पाठीचा पूर्ण आधार मिळतो. नवी घ्यायची झाल्यास आर १२९ किंवा त्याआधीच्या आर ४४ या युरोपीय मानकांची चिठ्ठी पाहावी. त्याही आधी तुमच्या गाडीच्या मागच्या आसनात आयसोफिक्सचे, म्हणजे सीट थेट गाडीला अडकवण्याचे, आकडे आहेत का ते तपासावे, आणि नसतील तर खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्याने बसणारी सीट निवडावी. पुढच्या आसनावर एअरबॅग असेल तर तेथे ही सीट कदापि लावू नये. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी थांबून बाळाला बाहेर घ्यावे, आणि घरी पोहोचल्यावर ते झोपलेले असले तरी सीटमधून उचलून सपाट जागेवर ठेवावे, कारण बसल्या स्थितीत हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो.

तुमच्याकडे दुचाकीही असेल, म्हणून एवढेच सांगते की २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांखालील मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा आणि नऊ महिन्यांपुढच्या मुलाला हेल्मेट आवश्यक आहे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाच्या मापाचे हेल्मेट मिळत नाही आणि त्याच्या मानेला ते पेलतही नाही, तेव्हा पहिल्या वर्षात दुचाकीचा विचारच करू नये. रिक्षा किंवा गाडी बरी.

स्ट्रोलरविषयी मी तुम्हाला थांबायला सांगेन. सात-आठ किलोचे स्ट्रोलर, बाळ आणि पिशवी घेऊन तीन मजले रोज चढ-उतार करणे बाळंतपणानंतरच्या पाठीला आणि ओटीपोटाला मानवणारे नाही, आणि खाली उतरल्यावरही सलग पदपथ किती अंतर मिळतो हे तुम्ही स्वतःच्या रस्त्यावर चालून पाहावे. तुमच्यासाठी बाळाला छातीशी बांधून घेण्याची कापडी झोळी किंवा पट्ट्यांचे कॅरिअर अधिक उपयोगी आहे, कारण त्यात दोन्ही हात मोकळे राहतात आणि जिन्याचा कठडा धरता येतो. निवडताना बाळाचे गुडघे कुल्ल्यांपेक्षा थोडे वर आणि मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार असावा. पाय सरळ खाली लोंबत असतील तर ते कॅरिअर घेऊ नये. बाळाचा चेहरा तुम्हाला सतत दिसला पाहिजे, मान वाकवली की त्याच्या कपाळाचा मुका घेता यावा इतके ते वर असावे, आणि हनुवटी छातीपासून सुटी असावी. हे सगळे दुकानात बाळासह घालून पाहिल्यावरच कळते, म्हणून खरेदी बाळ झाल्यावरच करावी. बाळ सहा महिन्यांचे झाले, तुम्ही रोज बागेत जाऊ लागलात आणि तळमजल्यावर ठेवायला जागा मिळाली, तर त्या वेळी हलके, मिटणारे स्ट्रोलर जरूर घ्यावे.

वॉकर नणंदेला आभार मानून परत द्यावा. चाकांच्या आसनात बसलेले मूल क्षणात खोली ओलांडते; उंबरा, जिना, गरम चहाचा कप आणि सुरीची कड त्याच्या आवाक्यात येते, आणि तुमच्या दाराबाहेर तीन मजल्यांचा जिना आहे. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर संपूर्ण बंदी घातली. चालणे लवकर येते हाही भ्रम आहे. आसनात लटकून पंज्यांनी ढकलणाऱ्या मुलाला तोल सांभाळण्याचा सराव मिळतच नाही. आपला लाकडी पांगुळगाडा यापेक्षा पूर्ण वेगळा आहे, कारण त्यात मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून मागून ढकलते. ते धरून उभे राहू लागले की, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात, तो आजोबांनी आणावा.

उरलेल्या यादीवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. एका बेडरूमच्या घरात मॉनिटर लागत नाही, वाइप गरम करण्याचे यंत्र, डायपरची खास कचरापेटी आणि बाळाची पावडर यांची गरज नाही. पावडर तर श्वासात जाते म्हणून ती नकोच. डिजिटल थर्मामीटर मात्र पहिल्या दिवसापासून घरात असावा, आणि तीन महिन्यांच्या आतील बाळाचा ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट झाला तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. न्हाऊ घालायला सांगलीला आजी किंवा बाई पायांवर घेतील. चिंचवडला आल्यावर साधा प्लास्टिकचा टब पुरतो, फक्त त्यात बसवून ठेवायचे आसन घेऊ नये आणि बाळाला पाण्यात सोडून दाराशी जाऊ नये. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, ते पाहावे, आणि गाणी म्हणणाऱ्या खेळण्याच्या चपट्या बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होते याची खात्री करावी, कारण गिळलेली बॅटरी काही तासांत अन्ननलिका जाळते. बारशाला येणारे वाळे, बिंदल्या आणि गळ्यातले काळे मणी समारंभात घालावेत आणि झोपवण्याआधी काढावेत. सैल घुंगरू सुटून तोंडात जाते आणि गळ्यातला दोरा कशातही अडकू शकतो.

आणि आता ज्याचा ४६ वस्तूंमध्ये उल्लेखच नाही त्याविषयी. कार सीट नणंदेची चालली तर तुमच्याकडे बरीच रक्कम शिल्लक राहील. त्यातली निदान निम्मी रक्कम तुम्ही माणसांच्या मदतीवर खर्च करावी असे मला मनापासून वाटते. सांगलीहून परतल्यावर आई जवळ नसेल, यजमान कामावर जातील, बाळ दर दोन-तीन तासांनी दूध मागेल आणि पावसाळा सरता सरता रोजचे लंगोट धुवायचे असतील. त्या काळात दोन-तीन महिने रोज येऊन कपडे धुणारी, स्वयंपाकाला हातभार लावणारी बाई तुम्हाला जेवढी झोप मिळवून देईल तेवढी कोणतीही वस्तू देऊ शकणार नाही. दूध ओढताना दुखत असेल, बाळाचे वजन नीट वाढत नसेल, तर स्तनपान समुपदेशकाची एक भेट बाटल्यांच्या संपूर्ण संचापेक्षा अधिक मोलाची ठरते, आणि ही भेट पहिल्या आठवड्यातच घेतलेली बरी. पाठीला सरळ आधार देणारी, हात टेकता येतील अशी खुर्ची तुमच्या घरात नसेल तर ती घ्यावी, कारण पुढचे कित्येक महिने दिवसाचे अनेक तास तुम्ही तिच्यात बसणार आहात.

यजमानांशी बोलताना त्यांची यादी खोडून काढण्याच्या सुरात बोलू नये. ज्या माणसाने बाळ येण्याआधी इतका वेळ घालवून यादी केली त्याच्या मनात उत्सुकता आणि थोडी भीतीही आहे, आणि तिला काम मिळाले पाहिजे. कार सीटची संपूर्ण जबाबदारी त्यांच्याकडे द्यावी: नणंदेशी बोलणे, मुदत तपासणे, गाडीत ती घट्ट बसवून पाहणे, आणि बाळाच्या वजनाएवढी पिशवी ठेवून पट्टे बांधण्याचा सराव करणे. जूनअखेरपर्यंत ती सीट सांगलीला पोहोचलेली असावी, कारण बाळाचा पहिला प्रवास रुग्णालयापासून घरापर्यंतचा आहे. नातेवाईक काय आणू असे विचारतील तेव्हा संकोच न करता सहा ते बारा महिन्यांच्या मापाचे कपडे किंवा डायपरची पाकिटे सांगावीत. विचारणाऱ्याला नेमके उत्तर मिळाले की बरेच वाटते.

आठव्या महिन्याच्या अखेरीस माहेरी एक पिशवी भरून ठेवावी. तीत सहा झबली, लंगोट, चार दुपटी, दोन टोपडी, नवजात मापाच्या डायपरचे एक पाकीट, एक रबरी शीट, थर्मामीटर आणि तुमचे पुढून उघडणारे दोन गाऊन असावेत. मच्छरदाणी घरीच ठेवावी. यातले काय रुग्णालयातून मिळते हे तुमच्या पुढच्या तपासणीच्या वेळी तेथील परिचारिकेला विचारावे, म्हणजे पिशवी आणखी हलकी होईल.